सहा बाद २४६ नंतर

रणजी करंडकाच्या २०१७-१८च्या अंतिम सामन्याचा विषय निघाला की नागपुरात पहिले नाव येते ते रजनीश गुरबानीचे. ते साहजिकच आहे. दिल्लीच्या पहिल्या डावात त्याने ५९ धावांत ६ गडी बाद केले आणि हॅटट्रिकही घेतली. रणजीच्या अंतिम सामन्यात असा पराक्रम त्याआधी एकट्या तामिळनाडूच्या कल्याणसुंदरम यांच्या नावावर होता. पण दिल्लीच्या २९५ धावांना उत्तर देताना इंदूरच्या होळकर स्टेडियमवर विदर्भाची अवस्था ६ बाद २४६ झाली होती, हे फारसे कोणी सांगत नाही. वसीम जाफर आणि फैझ फझल तंबूत परतले होते. दिल्लीच्या धावसंख्येपर्यंत पोहोचायलाच अजून ४९ धावा हव्या होत्या. तिथून पुढे विदर्भाने ५४७ पर्यंत मजल मारली. म्हणजे सहावा गडी गेल्यावर ३०१ धावा निघाल्या, दिल्लीच्या अख्ख्या पहिल्या डावापेक्षा सहा जास्त. त्या काढल्या कोणी? अक्षय वाडकरने १३३ केल्या, त्याचे काम यष्टिरक्षणाचे. आदित्य सरवटेने ७९ केल्या, त्याचे काम डावखुऱ्या फिरकीचे. सिद्धेश नेरळने ७४ केल्या, त्याचे काम नव्या चेंडूने मारा करण्याचे. यांतल्या एकाचीही संघातली पहिली ओळख फलंदाज म्हणून नव्हती. विदर्भाने सामना नऊ गडी राखून जिंकला आणि १९५७-५८ पासून रणजी खेळणाऱ्या संघाच्या नावावर पहिले विजेतेपद लागले. विदर्भाच्या गेल्या काही वर्षांच्या उत्कर्षाचे श्रेय वाटताना सहाव्या ते नवव्या क्रमांकावरच्या या माणसांना त्यांचा वाटा कधीच पुरता मिळाला नाही, आणि नागपूरच्या क्रिकेटची शंभर वर्षे पाहिली तर हा अन्याय जुनाच आहे, असे माझे म्हणणे आहे.

हा अन्याय कोणाच्या दुष्टाव्यातून होत नाही, तो हिशेबाच्या पद्धतीतच आहे. आपण फलंदाजाला फलंदाजाशेजारी आणि गोलंदाजाला गोलंदाजाशेजारी उभे करून मोजतो. सातव्या क्रमांकावरचा माणूस पंचवीस-तीसच्या सरासरीने धावा करतो. चौथ्या क्रमांकाच्या फलंदाजापुढे तो खुजा दिसतो. गोलंदाजांच्या यादीत त्याच्यापेक्षा वेगवान आणि जास्त चेंडू वळवणारे असतातच. दोन्ही याद्यांत तो मधोमध कुठेतरी असतो आणि यादीचा मधला भाग कोणी लक्षात ठेवत नाही. त्याचे खरे मोल कोणत्याच यादीत उमटत नाही, कारण ते त्याने मोकळ्या केलेल्या जागेत असते. चार-पाच दिवसांच्या सामन्यात कर्णधारापुढे अकरा जागा असतात. पाच गोलंदाज घेतले तर फलंदाजी सहाव्या गड्यालाच संपते, आणि फलंदाजी लांबवली तर चार गोलंदाज तिसऱ्या दिवशी थकतात. सातव्या आणि आठव्या क्रमांकाला फलंदाजी येणारे खरे गोलंदाज असतील तर ही कोंडी फुटते. मग पाचवा गोलंदाज घेण्यासाठी काही गमवावे लागत नाही. रणजीत याला आणखी धार येते, कारण बाद फेरीचा सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावाच्या आघाडीवर निकाल लागतो. सहा बाद २४६ नंतरचा प्रत्येक तास तिथे सोन्याचा असतो.

हीच गोष्ट दुसऱ्या एका खेळात फार लख्ख दिसते. अमेरिकी व्यावसायिक फुटबॉलमध्ये आक्रमणाच्या फळीत धिप्पाड अडवणाऱ्यांची एक रांग असते आणि तिच्या टोकाला चिकटून ‘टाइट एंड’ उभा राहतो. त्याला दोन कामे असतात. एकतर रांगेतला एक होऊन समोरच्याला अंगाने रोखून धरायचे, नाहीतर रांग सोडून धावत सुटायचे आणि पास झेलायचा. चेंडू हलेपर्यंत तो यांतले काय करणार हे बचाव करणाऱ्यांना कळत नाही. त्याच्यासमोर जाडजूड गडी उभा केला तर तो त्याच्यापुढून पळतो आणि चपळ गडी उभा केला तर त्याला ढकलून वाट मोकळी करतो. १९६१ मध्ये शिकागो बेअर्सच्या माइक डिटका याने पहिल्याच मोसमात ५६ पास झेलून १,०७६ यार्ड मिळवले, तेव्हा या जागेकडे नव्या नजरेने पाहणे सुरू झाले. अलीकडे कॅन्सस सिटी चीफ्सच्या ट्रॅव्हिस केल्सीभोवती अख्खे आक्रमण रचले गेले. तरीही या जागेचा भाव कमीच. २०१४ मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्सच्या जिमी ग्रॅहमने त्यावर दाद मागितली. संघाने वर्षभरासाठी राखून ठेवलेल्या टाइट एंडला सुमारे ७० लाख डॉलर मिळत आणि फक्त पास झेलणाऱ्या रिसीव्हरला सुमारे १ कोटी २३ लाख. ग्रॅहमचे म्हणणे होते की आपण बहुतेक वेळा रांगेपासून दूर उभे राहून रिसीव्हरचेच काम करतो, तेव्हा मोबदलाही तोच मिळावा. लवादाने ते फेटाळले. पुढे त्याला चार वर्षांचा ४ कोटी डॉलरचा करार मिळाला, पण दोन कामे येणाऱ्या माणसाची किंमत एकच काम येणाऱ्यापेक्षा कमी धरली जाते हे त्या निवाड्यात पांढऱ्यावर काळे झाले.

नागपूरला हा अनुभव नवा नाही. सी. के. नायडू १८९५ मध्ये नागपुरात जन्मले आणि इथल्याच मैदानांवर घडले. १९२६ मध्ये मुंबईत गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध त्यांनी ११ षटकारांसह १५३ धावा केल्या, १९३२ मध्ये लॉर्ड्सवर ते भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले आणि लोकांच्या मनात ते षटकार मारणारे फलंदाज म्हणून कायमचे बसले. त्यांच्या प्रथम श्रेणीतल्या ११,८२५ धावांशेजारी ४११ बळीही आहेत, याची आठवण क्वचितच कोणाला होते. त्यांचे धाकटे भाऊ सी. एस. नायडू नागपूरचेच, लेगस्पिन टाकणारे आणि फलंदाजीही करणारे. तिसरे नाव चंदू सरवटे यांचे. त्यांचा जन्म १९२० मध्ये सागरचा. सागर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर. सरवटे सुरुवातीला याच प्रांताच्या संघाकडून खेळले. पुढे १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात ओव्हलवर सरेविरुद्ध भारतीयांची ९ बाद २०५ अशी स्थिती असताना दहाव्या क्रमांकाचे सरवटे आणि अकराव्या क्रमांकाचे शुटे बॅनर्जी एकत्र आले आणि त्यांनी शेवटच्या गड्यासाठी २४९ धावा जोडल्या. सरवटे नाबाद १२४, बॅनर्जी १२१. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या दोघांनी एकाच डावात शतके करण्याचा योग पुढची ७८ वर्षे प्रथम श्रेणीत पुन्हा आला नाही.

हे तिघेही शेवटी इंदूरला गेले. सी. के. यांना होळकर दरबाराने १९२३ मध्येच बोलावून घेतले आणि सैन्यात हुद्दा दिला. बाकीचे दोघे नंतर त्याच वाटेने गेले. नागपुरात क्रिकेटवर पोट भरण्याची सोय नव्हती आणि होळकरांकडे ती होती, एवढे साधे कारण त्यामागे आहे. पण होळकरांनी कोणती माणसे उचलली हेही पाहिले पाहिजे. त्या संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला आणि त्याच्या पाठीशी दोन्ही कामे करणाऱ्यांची भक्कम फळी होती. १९४५-४६ मध्ये म्हैसूरविरुद्ध होळकरांनी ८ बाद ९१२ धावा केल्या, त्यात सहा जणांची शतके होती. त्या सहांपैकी एक चंदू सरवटे, आणि त्याच सामन्यात त्यांनी म्हैसूरचे नऊ गडी ६१ धावांत टिपले होते. अशा माणसाला फलंदाजांच्या यादीत घालायचे की गोलंदाजांच्या, हा प्रश्न होळकरांना पडला नाही. त्यांनी त्याला संघात घेतले आणि करंडक नेला. मध्य प्रांत व वऱ्हाडाच्या आणि पुढे विदर्भाच्या वाट्याला मात्र दीर्घ दुष्काळ आला. १९५७-५८ मध्ये रणजीत उतरलेला विदर्भ २०१७-१८ पर्यंत एकदाही उपांत्य फेरीत पोहोचला नव्हता.

मग साठ वर्षांनी बदलले काय? यावर ठरलेले उत्तर असे की बाहेरून माणसे आणली. चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले, जाफर मुंबईहून आला, अलीकडे करुण नायर कर्नाटकातून आला. या आक्षेपात तथ्य आहे आणि मी तो बाजूला सारत नाही. २०१८-१९ च्या मोसमात जाफरने १,०३७ धावा केल्या. पंडितांच्या शिस्तीविषयी त्या संघातला प्रत्येक जण बोलतो. पण बाहेरचे फलंदाज आणण्याचा प्रयोग काही २०१७ मध्ये सुरू झाला नव्हता. सुब्रमण्यम बद्रीनाथ आणि गणेश सतीश त्याआधीच आले होते, आणि २०१४-१५ व २०१५-१६ या दोन्ही मोसमांत विदर्भ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत जाऊन थांबला होता. वरच्या फळीला बाहेरून आधार मिळाला की संघ एका टप्प्यापर्यंत जातो, एवढेच त्यातून सिद्ध होते. त्या टप्प्यापलीकडे नेणारी गोष्ट बाहेरून आली नव्हती. वाडकर, आदित्य सरवटे, नेरळ, अक्षय कर्णेवार, अक्षय वखरे हे सगळे विदर्भातच तयार झालेले खेळाडू.

नागपूरजवळच्या जामठ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये सौराष्ट्राविरुद्ध झालेला पुढचा अंतिम सामना तर जणू याच मुद्द्यासाठी खेळला गेला. पहिल्या दिवसअखेर विदर्भ ७ बाद २०० वर होता. जाफरची मोठी खेळी झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी कर्णेवारने वखरेला हाताशी धरून डाव ३१२ पर्यंत नेला आणि स्वतः ७३ धावांवर नाबाद राहिला. कर्णेवार डाव्या हाताने फिरकी टाकतो, आणि समोरचा फलंदाज बदलला की उजव्या हातानेही टाकतो. शिवाय फलंदाजी. अशा माणसाचा तक्ता कोणत्या रकान्यात भरायचा? सौराष्ट्राचा डाव ३०७ वर संपला. आघाडी मिळाली पाच धावांची, आणि शेवटच्या तीन गड्यांनी जोडलेल्या धावा काढून टाकल्या तर ती शंभराहून मोठी पिछाडी ठरते. दुसऱ्या डावात विदर्भ २०० वर आटोपला, त्यात सर्वाधिक ४९ धावा सरवटेच्या. मग त्याच सरवटेने ५९ धावांत ६ गडी बाद करून सौराष्ट्राला १२७ वर रोखले. पहिल्या डावात त्याने पाच गडी घेतलेच होते. चेतेश्वर पुजारा दोन्ही डावांत त्याच्याच चेंडूवर गेला, १ आणि ० धावांवर. विजय ७८ धावांचा. त्याच महिन्यात इराणी करंडकात कर्णेवारने शेष भारताविरुद्ध १०२ धावा केल्या, विदर्भाला पहिल्या डावाची आघाडी मिळाली आणि त्या जोरावर करंडक सलग दुसऱ्या वर्षी नागपुरातच राहिला.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. क्रिकेटमध्ये थोडी फलंदाजी आणि थोडी गोलंदाजी करणाऱ्यांची पैदास वाढली आणि ना धड इकडचे, ना धड तिकडचे असे खेळाडू संघांत शिरले, अशी तक्रार जाणकार वर्षानुवर्षे करत आले आहेत. सामने अस्सल गोलंदाज जिंकून देतात. २०१७-१८ मध्ये कर्नाटकाविरुद्धचा कोलकात्यातला उपांत्य सामना विदर्भाने पाच धावांनी जिंकला तो गुरबानीच्या बारा बळींमुळे, आणि पुढच्या वर्षी वायनाडमध्ये केरळला गारद केले ते उमेश यादवच्या बारा बळींनी. हे सगळे मान्य करूनही मला वाटते की इथे दोन वेगळ्या जातींची गल्लत होते. सरवटेने २०१८-१९ मध्ये ५५ गडी बाद केले. त्याने एकही धाव केली नसती तरी तो संघात असता. वाडकर यष्टिरक्षक म्हणून आधी संघात आला, धावा मागून आल्या. विदर्भाने अर्धवट माणसे गोळा करून बेरीज पूर्ण केली नाही. प्रत्येकाचे एक काम पुरेपूर होते आणि दुसऱ्या कामासाठी संघाला वेगळी जागा खर्च करावी लागत नव्हती. ही अट पाळली नाही तर तक्रार करणारे बरोबर ठरतात. पाळली तर उलट अस्सल गोलंदाजाचेच ओझे हलके होते, कारण पाचवा गडी हाताशी असल्यामुळे त्याला दमेपर्यंत जुंपावे लागत नाही. हे जुंपणे कुठवर जाते हे १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात दिसले होते. मुंबईविरुद्ध होळकरांकडून सी. एस. नायडूंनी दोन डावांत मिळून ९१७ चेंडू टाकले, अकरा गडी घेतले, आणि होळकर ३७४ धावांनी हरले.

तिसरा आक्षेप असा की जिंकलेले सामने निवडून काढले की हवे ते सिद्ध करता येते. म्हणून हरलेला सामनाही बघू. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबईविरुद्ध विदर्भाला ५३८ धावांचे लक्ष्य मिळाले. कर्णधार वाडकरने १०२ आणि हर्ष दुबेने ६५ धावा केल्या, दोघांनी १३० धावांची भागीदारी केली आणि शेवटच्या दिवशी मुंबईला बराच वेळ घाम फोडला. तरीही १६९ धावांनी पराभव झाला, कारण पहिला डावच १०५ वर कोसळला होता. वरची फळी इतकी मोडली की मागची माणसे ती उभारू शकत नाहीत. माझ्या म्हणण्याची ही मर्यादा आहे आणि ती खरी आहे. पण त्याच सामन्यात मुंबई पहिल्या डावात ६ बाद १११ होती आणि गोलंदाज शार्दुल ठाकूरच्या ७५ धावांनी तिला २२४ पर्यंत नेले. त्या मोसमात स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तनुष कोटियन, ऑफस्पिन टाकणारा. बडोद्याविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात दहाव्या क्रमांकावर त्याने नाबाद १२० केल्या आणि अकराव्या क्रमांकाच्या तुषार देशपांडेने १२३. ओव्हलवरच्या सरवटे-बॅनर्जी जोडीनंतर ७८ वर्षांनी तो योग आला तो असा. विदर्भ हरला, पण ज्या गुणाने तो आधी जिंकला होता, तोच गुण त्या दिवशी मुंबईकडे जास्त होता.

बाजारभावाकडे वळले की मात्र जुनी कहाणी पुन्हा सुरू होते. आदित्य सरवटे, कर्णेवार, वखरे, वाडकर यांच्यापैकी कोणीही भारताकडून कसोटी खेळलेले नाही. भारतीय संघाला डावखुऱ्या फिरकीत रवींद्र जडेजा आणि अक्षर पटेल लाभले, ते दोघेही दुहेरी कामाचेच, त्यामुळे सरवटेला दार उघडले नाही हे एका अर्थी माझ्याच बाजूचे आहे. पण देशांतर्गत क्रिकेटमध्येही त्याची पत दोन रणजी अंतिम सामने गाजवणाऱ्याला शोभेल अशी राहिली नाही. २०२४-२५ मध्ये तो केरळकडून खेळू लागला. केरळने त्या मोसमात इतिहासात पहिल्यांदा रणजीची अंतिम फेरी गाठली. उपांत्य सामन्यात गुजरातविरुद्ध त्यांची पहिल्या डावाची आघाडी फक्त दोन धावांची होती, आणि ती मिळवून देणारा शेवटचा बळी सरवटेचा होता. चेंडू जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटवर आदळून उडाला आणि झेलला गेला. अंतिम सामना जामठ्यात, विदर्भाविरुद्ध. केरळच्या पहिल्या डावात सरवटेने ७९ धावा केल्या. सात वर्षांपूर्वी इंदूरला विदर्भासाठी त्याने तेवढ्याच केल्या होत्या.

त्याला बाद केले हर्ष दुबेने, आणि विदर्भाच्या बाजूने यातली मोठी जमेची गोष्ट हीच. दुबे डावखुरा फिरकी गोलंदाज आणि डावखुरा फलंदाज, सरवटेच्याच साच्यातला. त्या मोसमात त्याने ६९ गडी बाद करून आशुतोष अमनचा एका रणजी मोसमातला ६८ बळींचा विक्रम मोडला आणि ४७६ धावाही केल्या. पहिला आकडा वर्तमानपत्रांच्या मथळ्यात गेला, दुसरा बातमीच्या तळाशी. जागा रिकामी होताच तिथे तशाच घडणीचा माणूस तयार मिळणे हा योगायोग वाटत नाही. विदर्भाच्या घडवण्यात आता ही जागा ठरलेली दिसते. त्या अंतिम सामन्यात विदर्भाकडे पहिल्या डावाची ३७ धावांची आघाडी होती. पाचव्या दिवशी दुसऱ्या डावात १३५ धावा करून करुण नायर बाद झाला आणि पाठोपाठ आणखी गडी पडले. केरळला एखादी फट दिसण्याची ती वेळ होती. कर्णेवारने ३० धावा करून वेळ काढला. पहिल्या डावात तीन गडी घेतलेला दर्शन नळकांडे हा वेगवान गोलंदाज शेवटपर्यंत टिकला. विदर्भाची धावसंख्या ९ बाद ३७५ आणि एकूण आघाडी ४१२ झाली, नळकांडेचे अर्धशतक पूर्ण झाले आणि दोन्ही कर्णधारांनी तिथेच खेळ थांबवला. विदर्भाचा तिसरा रणजी करंडक त्या क्षणी नक्की झाला.